कच्चा कोट

शिंप्याच्या घरात वाढलेल्या मुलाला ‘कच्चा’ म्हणजे काय हे कुणी सांगावं लागू नये. म्हणून ओल्याला कुणी सांगितलं नाही, त्यानेही विचारलं नाही, आणि या समजूतदारपणात एका भल्या माणसाचा कोट भट्टीत गेला.

झालं ते असं. दुकान म्हणजे घराचीच रस्त्याकडची खोली. मधोमध कापायचं टेबल, खिडकीशी मशीन आणि मागच्या भिंतीवर खुंट्यांची रांग. सकाळी आर्ट कॉलेजला निघताना ओल्या त्या रांगेपुढे थांबला. शेवटच्या वर्षाच्या कामासाठी त्याला लोकरीचा एखादा जुना कोट हवा होता, आणि खुंट्यांवर कोट होते दोन. यातला कुठला नेऊ, असं त्याने बाबांना विचारलं. बाबांच्या ओठांत टाचण्या होत्या. आई गेल्यापासून त्या कायमच असायच्या. काम असो नसो, चार-पाच टाचण्या तोंडात धरल्या की माणसाला बोलावं लागत नाही आणि समोरच्याला रागही येत नाही. त्या टाचण्यांच्या फटीतून बाबा म्हणाले, “एक कच्चा आहे, एक पक्का. बघून ने.”

आता शिंप्याचा कच्चा कोट म्हणजे कापून, लांब लांब पांढऱ्या टाक्यांनी नुसता जोडून ठेवलेला, ट्रायलची वाट बघणारा कोट. त्याला धनी असतो. त्याला हात लावायचा नसतो. आणि पक्का म्हणजे शिवून झालेला. त्या खुंटीवरचा पक्का तर कुणीतरी शिवायला टाकून विसरून गेलेला, खांद्यांवर धूळ बसलेला बेवारशी कोट होता. तो ने, असं बाबांना म्हणायचं होतं. पण ओल्याची गेली काही वर्षं मातीत गेली होती, आणि मातीकामात सगळं उलटं. तिथे पक्कं म्हणजे भाजलेलं. ते कुणाचं तरी असतं, फुटलं तर भांडण होतं. कच्चं म्हणजे न भाजलेलं. ते पाण्यात टाकलं की परत माती, कुणाचं काही गेलं नाही. ओल्याने बघितलं, कच्चा उचलला, पिशवीत कोंबला आणि निघाला. शब्द घरातला ऐकला, अर्थ कॉलेजातला लावला.

तसं म्हटलं तर त्या कोटाला एकच बाही होती आणि अंगभर पांढरे टाके. आंधळ्यालाही कळलं असतं. ओल्याला ते सगळं दिसलं, आवडलंही. काळ्या लोकरीवर पांढरा दोरा उठून दिसत होता. पण त्या दिवसांत त्याला दिसायचं भरपूर आणि आत जायचं काहीच नाही. पालथ्या घड्यावर पाणी. त्यात हा घडे करणारा.

ओल्या हे नाव पहिल्या वर्षीचं. तेव्हा त्याने घाईघाईने एक ओलसर मूर्ती भट्टीत सरकवली होती. ती आत फुटली, आणि नुसती ती फुटली असती तर निभावलं असतं, पण तिने शेजारपाजारच्या सगळ्या बरण्या आणि सुरया सोबत नेल्या. खापर कुणाच्या डोक्यावर फोडायचं हा प्रश्नच आला नाही. खापरं ढीगभर होती आणि डोकं एकच. तेव्हापासून वर्गात तो ओल्या, आणि दोन वर्षांत हे नाव घरीही पोचलं. आईला ते फार आवडायचं. लहानपणापासून तसाच होता, म्हणायची, अंथरूण साक्षी आहे.

त्याच्या प्रयोगांचं म्हणाल तर तीन खात्यांत मिळून त्याला एक धड जागा नव्हती. कापड घ्यायचं, ते स्लिपमध्ये, म्हणजे साईसारख्या पातळ केलेल्या पांढऱ्या मातीत बुडवायचं, पिळायचं, परत बुडवायचं. मग आत कागदाचे बोळे भरून उभं करायचं, पूर्ण वाळू द्यायचं आणि भाजायचं. आगीत कापड जळून जातं. राहतं ते मातीचं कवच, पण त्याच्यावर कापडाची वीण न वीण, सुरकुती न सुरकुती उमटलेली असते. हात लावेपर्यंत मऊ वाटतं, हात लावला की टणक. मातीकामाच्या बाई म्हणायच्या, हे कापडाचं काम आहे. कापडखात्याचे सर म्हणायचे, यात कापड कुठाय, ते तर जळून गेलं. शिल्पाचे सर म्हणायचे, कल्पना उत्तम, पण हे स्वतःच्या पायावर उभं राहील का ते सांग. शेवटी कापडखात्याच्या सरांनीच निकाल दिला, “एक ना धड, भाराभर चिंध्या.” ओल्या म्हणाला, “चिंध्याच हव्यात, सर. असतील तर द्या.”

त्या चिंध्या त्याला मागवाली द्यायची. ती कापडखात्यातली मुलगी, दिवसभर मागावर बसलेली. तिचे फसलेले नमुने ती ओल्याकडे आणून टाकायची आणि म्हणायची, घे, दहनाला. त्याने तिचे नमुने भाजले, मोजे भाजले, टॉवेल भाजला, एक हातमोजा भाजला, तो इतका सुरेख निघाला की बाईंनी त्यात पेनं ठेवली. एकदा न बघता नायलॉनचा सदरा आत घातला तर त्याचा चिकट काळा रस होऊन भट्टीच्या फळीवर बसला, तो खरवडायला ओल्याच होता.

हे सगळं आई होती तेव्हाचं. आई म्हणजे दुकानाची अर्धी कारागीर. बाबा कापायचे आणि मशीन चालवायचे, हाताचं सगळं तिचं. कच्चे टाके, तुरपाई, बटणं, काजं. ती गेली तेव्हा ओल्या चाकावर बसला होता. फोन आला, तो त्याने पूर्ण ऐकला. मग चाक थांबवलं, अर्धवट सुरई तारेने कापून परत गोळ्यात टाकली, चाक पुसलं, कोपरापर्यंत हात धुतले, नखांतली माती काढली आणि मग घरी गेला. घरात सगळे रडत होते. हा दारातल्या चपला ओळीने लावत होता. आत्या कुणाला तरी म्हणाली, दगड आहे पोरगं. ओल्याला सांगावंसं वाटलं की आत्या, दगड शिल्पखात्यात असतो, मी मातीवाला. पण तेवढ्यासाठी तोंड उघडायचा कंटाळा आला.

त्याला रडू येईल अशी त्याने थोडी वाट बघितली. बस यायची असते तशी. आली नाही, तेव्हा तो चालू लागला, म्हणजे कॉलेजला जायला लागला. बाबांनी दुकान उघडलं, मशीनला तेल घातलं, तोंडात टाचण्या धरल्या. पँटची लांबी कमी करायला कुणी आलं तर तेवढं करून द्यायचे. मोठं काम घ्यायचे नाहीत. संध्याकाळी बाप आणि लेक समोरासमोर बसून जेवायचे, आणि भाजीत मीठ नाही हे दोघांनाही कळायचं नाही. मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही म्हणतात. ओल्या दिवस दिवस भट्टीशी बसायला लागला आणि सरांना वाटलं पोरगा कामाला लागला.

तर तो कोट. मागवालीच्या रंगाच्या टबात दोघांनी मिळून तो बुडवला. लोकर लवकर भिजत नाही, दाबून दाबून माती आत घालावी लागते. मागवालीने गळपट्टी हातात घेतली आणि थांबली.

“हे टाके कुणी घातलेत?”

“दुकानातलं आहे.”

“बघ तरी. मागावरसुद्धा इतकं सारखं येत नाही.”

ओल्याने बघितलं. सारखे होते. मग दोघांनी तो पिळला.

कोट पूर्ण वाळेपर्यंत या वेळी त्याने धीर धरला. मग मागच्या अंगणातल्या गॅसच्या भट्टीत तो उभा केला, कारण लोकरीचा धूर आतल्या भट्टीला सोसला नसता. धूर निघालाही तसाच, दाट, केस जळाल्यासारख्या वासाचा. आजूबाजूच्या वर्गांनी खिडक्या लावून घेतल्या. भट्टी निवल्यावर दार उघडलं तर कोट उभा होता. पांढरा, पातळ, एका बाहीचा. कुठेही तडा नाही. आणि अंगभर ते टाके, आता दोऱ्याशिवायचे, तांदळाचे दाणे ओळीत मांडावेत तसे वर आलेले. उजवा खांदा मात्र डाव्यापेक्षा उतरलेला होता. आगीत बसला असावा, ओल्याला वाटलं. शिल्पाचे सर धावत आले, भोवती फिरले आणि म्हणाले, उभा राहिला की रे. ओल्याला आनंद व्हायला हवा होता. त्याने हात झटकले आणि फळी झाडायला घेतली.

घरी आला तर बाबा टेबलाशी खडू टोकदार करत बसले होते. कापायचं काही नव्हतं, पण खडू तयार होते. ओल्या जवळून आत जायला निघाला तेव्हा बाबांनी त्याची बाही धरली आणि नाकाशी नेली. कापड कशाचं आहे असा संशय आला की शिंपी त्याचा एक धागा काढून जाळतो. सुती असेल तर कागदाचा वास येतो, नायलॉन असेल तर मणी होतो, आणि लोकर असेल तर केसांचा वास येतो. बाबांचं सगळं आयुष्य असे धागे जाळण्यात गेलं होतं.

ते वळून खुंट्यांकडे बघायला लागले. किती दिवसांनी कोण जाणे, पण आज पहिल्यांदाच तिकडे नीट बघत होते. बेवारशी कोट जागेवर होता. शेजारची खुंटी रिकामी होती. बाबांनी तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि सुयांच्या गादीला खोचल्या. त्याला वेळ लागला.

“काय म्हणालो होतो मी?”

“एक कच्चा आहे, एक पक्का.”

“मग?”

“मग मी कच्चा नेला.”

बाबांनी मान हलवली, गणित चुकलेल्या मुलाला कुठे चुकलं ते कळावं म्हणून मास्तर हलवतात तशी. म्हणाले, तो भूगोलाच्या मास्तरांचा कोट होता. ओल्याला मास्तर माहीत होते. शाळेत तेच शिकवायला होते. ओल्याने कापडाचं काय ते भरून देऊ म्हटलं. बाबा म्हणाले, कापड मिळेल. मग परत खडू टोकदार करायला लागले. ओल्याला वाटलं संपलं.

“ते टाके तिचे होते,” बाबा म्हणाले. “शेवटचे. मशीन मारली की ते उसवावे लागतात. म्हणून मारली नव्हती.”

ओल्या उभा राहिला. आता आतून काहीतरी येईल, असं त्याला वाटलं. तो थांबला, जागा करून दिली. काही आलं नाही. नुसता बाहीला वास येत होता. थोड्या वेळाने त्याने विचारलं की तो कोट कॉलेजात ठेवू का, वर्षअखेरच्या प्रदर्शनात ठेवायचा आहे. बाबा म्हणाले, ठेव की, जाळायचा तो जाळलास. मग टाचण्या परत तोंडात जायच्या आधी एवढंच म्हणाले, “मास्तरांना मात्र तू सांग. माझ्याने व्हायचं नाही.”

हे काम अवघड नव्हतं. मास्तर रोज रस्त्याने जायचे. पण इथे दुसराच घोळ होता. मास्तरांना कोट हवा होता, थंडी सुरू झाली होती, आणि तरी ज्या घरात माणूस गेलंय तिथे कोटाची चौकशी कशी करायची, म्हणून ते दुकान आलं की रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूने जायचे. जणू कोट ही गोष्ट त्यांना ठाऊकच नाही. इकडे ओल्या, मास्तर दिसले की रस्ता ओलांडून पलीकडे जायचा. दोघेही एकाच वेळी ओलांडायचे, त्यामुळे रस्त्याच्या मधोमध रोज भेट व्हायची. “काय शिंपी?” मास्तर विचारायचे. वर्गात ते सगळ्यांना बापाच्या धंद्याने हाक मारायचे, कारण नावं लक्षात राहायची नाहीत. “काही नाही मास्तर,” ओल्या म्हणायचा. आणि दोघे सुटका झाल्यासारखे दोन टोकांना. असं रोज चाललं होतं. मागवाली एकदा बरोबर होती, ती म्हणाली, तुमच्या दोघांचं लग्न ठरलंय का?

प्रदर्शन लागलं. मातीच्या, कापडाच्या आणि शिल्पाच्या दालनांमधल्या बोळात ओल्याला जागा मिळाली, कारण तिन्ही खात्यांनी त्याला शेजाऱ्यांचा मानला होता. शीर्षक काय लिहायचं, शिल्पाच्या सरांनी विचारलं. ओल्याने ‘कच्चा’ असं सांगितलं. सर म्हणाले, अरे पण भाजलाय ना? ओल्या म्हणाला, लिहा तुम्ही.

मास्तरांना फुकट असलेली कुठलीही गोष्ट बघायला आवडायची. ते दुपारी आले, मातीच्या दालनातून कापडाच्या दालनाकडे जाताना बोळात थबकले. शिल्पाचे सर तिथेच होते. कुणी थांबलं की सरांना बोलावंसं वाटायचं.

“हा नसलेला हात बघा,” सर म्हणाले. “सगळं काम त्या नसण्यात आहे.”

“बाही अजून लावायची होती,” मास्तर म्हणाले.

“अगदी बरोबर. मी तेच म्हणतोय.”

मास्तरांनी मान डोलावली. मग ते कोटाकडे पाठ करून त्याच्या शेजारी उभे राहिले, शाळेत उंची बघायला उभं करतात तसे. मास्तरांचा उजवा खांदा उतरलेला होता. सगळी नोकरी त्यांनी एका खांद्यावर गुंडाळलेले नकाशे आणि त्याच हातात पृथ्वीचा गोल घेऊन वर्गावर्गांतून केली होती. जग उचलून उचलून माणूस एकीकडे झुकणारच. त्यांच्या सगळ्या कोटांना बाबा उजवा खांदा उतरता कापायचे आणि आत भर घालून बाहेरून सरळ दाखवायचे. ही भर अजून घालायची राहिली होती. दोन उतरलेले खांदे शेजारी शेजारी होते. कोपऱ्यात उभ्या असलेल्या ओल्याला तेव्हा कळलं की भट्टीत काही बसलं नव्हतं.

सर दुसरीकडे गेले. मास्तरांनी ओल्याला बोटाने जवळ बोलावलं.

“हा माझाच ना?”

“हो मास्तर.”

“किती डिग्रीला भाजलास?”

“बाराशेच्या थोडा वर.”

“लाव्हा एवढाच तापतो. शिकवलं होतं तुम्हाला.”

“लक्षात नाही.”

“असेल कसं. भूगोलात तू पास झालास ते माझ्या पदरच्या गुणांनी.”

मग ओल्याने सगळं सांगितलं, कच्च्यापक्क्याचं, खुंट्यांचं, बाबांचं. बातम्या वाचतात तशा आवाजात सांगितलं. मास्तर गळपट्टीवरच्या टाक्यांकडे बघत ऐकत होते. हात त्यांनी पाठीशी बांधले होते. वहिनींचं काम, एवढं म्हणाले. ट्रायल राहिली होती, घरी भेटायला येणार होतो, पण कोट मागायला आलोय असं दिसलं असतं, म्हणाले. ओल्या म्हणाला, कोट मागायलाच आला असतात की. “हो ना,” मास्तर म्हणाले, “म्हणूनच नाही आलो.”

निघताना त्यांनी निरोप दिला. “बाबांना सांग, मला काही घाई नाही.” दारापर्यंत जाऊन परत वळले. “थंडीला आहे.”

ओल्याने निरोप जसाच्या तसा पोचवला, थंडीसकट. बाबांनी ऐकून घेतला. प्रदर्शनाच्या शेवटच्या दुपारी ते कॉलेजात आले. त्यांनी धुतलेला सदरा घातला होता, केस विंचरले होते आणि गळ्यात टेप तशीच राहिली होती. आजवर ते कधी आले नव्हते. दालनांकडे त्यांनी बघितलं नाही, विचारत विचारत सरळ बोळात आले. एक मुलगा धावत आला, काका, हात लावू नका म्हणून. मागवालीने त्याला बाजूला घेतलं.

बाबांनी आधी खांद्यावरून टेप धरली. मग पाठीची लांबी. मग बाही, होती ती.

“आटलाय.”

“माती आटते, बाबा.”

“किती?”

“आठात एक.”

“कापड आधी पाण्यातून काढून घ्यायचं असतं. मग आटत नाही.”

“मातीचं तसं होत नाही.”

“हं.”

मग त्यांनी गळपट्टीच्या टाक्यांवरून अंगठा फिरवला. वरून खाली, सावकाश, अंधारात जिन्याचा कठडा धरून उतरावं तसा. पुढच्या कडेशी एका जागी अंगठा थांबला. तिथे एक बारीक गाठ होती, आणि गाठीच्या पुढे थोडी जागा टाक्यांवाचून कोरी. ओल्याने ती कधी पाहिली नव्हती. म्हणजे पाहिली असेल.

“इथे तिचा दोरा संपला,” बाबा म्हणाले. “मला मागितला. मी खांदा कापत होतो. म्हटलं, थांब, देतो.”

त्यांनी टेप गुंडाळून खिशात ठेवली. ओल्या त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेला. बस येईपर्यंत दोघे उभे राहिले. बस आली. बाबा चढताना म्हणाले की येताना काळ्या दोऱ्याची दोन रिळं आण, आणि एक पांढरं.

दुसऱ्या सकाळी ओल्याला कात्रीच्या आवाजाने जाग आली. जाड कापडातून मोठी कात्री जाते तो आवाज, कुणीतरी टेबलावर दमून श्वास टाकतंय असा. तो ऐकत थोडा वेळ पडून राहिला. बाहेर आला तर बाबांनी नव्या काळ्या लोकरीवर मास्तरांचा खांदा कापून ठेवला होता, उजवा उतरता. मापं त्यांना पाठ होती. त्यांनी सुईत पांढरा दोरा ओवला आणि सुई ओल्याच्या हातात दिली. काही बोलले नाहीत, कारण टाचण्या होत्या.

ओल्याने कच्चे टाके घातले. लहानपणी टेबलाखाली बसून त्याने हे काम इतक्यांदा बघितलं होतं की आपल्याला येतं असं त्याला वाटत होतं. काखेत कळसा म्हणतात, पण कळसा काखेत असून उपयोग काय, ओतायला हात लागतो. टाका एक लांब, एक आखूड, एक पार वाट सोडून. मध्येच बाबा म्हणाले, “रक्त पुस. लोकरीवरचा डाग जात नाही. गार पाणी लाव.” ओल्याने बघितलं तर बोटाला सुई टोचून बराच वेळ झाला होता. त्याने डागाला गार पाणी लावलं, बोटाला चिंधी बांधली आणि पुढचा टाका घातला. सगळं झाल्यावर बाबांनी कोट उजेडात धरला, टाचण्या काढल्या आणि म्हणाले, “बैल मुतत गेलाय.”

आई गेल्यापासून घरात झालेला हा पहिला विनोद. दोघेही हसले नाहीत, पण दोघांनी तो ऐकला.

मास्तर ट्रायलला आले. दुकानाच्या बाजूने, समोरच्या दारातून. बाबांनी त्यांना आरशासमोर उभं केलं, खांद्यावर खडू ओढला, पाठीत दोन टाचण्या लावल्या. मास्तरांनी आरशात टाके बघितले आणि कुणी घातले म्हणून विचारलं.

“कुंभाराने,” बाबा म्हणाले.

मग मशीन चालू झाली. ओल्या आत स्वयंपाक करत होता, त्याला आवाज येत होता. मशीन थांबली तेव्हा बाबांनी हाक मारली आणि कोट पुढे सरकवला. “उसव.” ओल्याने आपले टाके एकेक करून ओढून काढले. त्याला वाटलं होतं की हे करताना काहीतरी होईल. पण ते त्याचेच टाके होते, आणि वाईटही होते, त्यामुळे सोपं गेलं. दोऱ्याचे तुकडे त्याने केरात टाकले. पांढऱ्या रिळात बराच दोरा उरला होता. तो त्याने टेबलावर बाबांच्या हाताशी ठेवला.

बटणं बाबांनी लावली. काजांपाशी गाडी अडली. काजं आईची. बाबांना कोटाची काजं कधी जमली नाहीत, त्यांनी कधी लपवलंही नाही. बाजारात मशीनची काजं करून मिळतात असं ओल्याने सुचवलं, तेव्हा बाबांनी त्याच्याकडे अशी नजर टाकली की जणू त्याने परत काहीतरी भट्टीत घातलं. मास्तर म्हणाले, राहू द्या, बटणं आहेत तेवढी पुरे, काजांचं सावकाश बघू. आणि कोट अंगात घालून गेले.

प्रदर्शनाचा निकाल लागला. तिन्ही खात्यांनी ओल्याचे गुण दुसऱ्या खात्याने द्यावेत असं ठरवलं होतं. शेवटी तिघांनी आपापल्या पदरचे थोडे थोडे घातले आणि तो पास झाला. भाजलेला कोट त्याने गोणपाटात गुंडाळून घरी आणला. खुंटीला तो टांगता येत नाही, म्हणून तिच्या खालीच जमिनीवर उभा आहे. गिऱ्हाइकं येतात, बोटाने टकटक करून बघतात. बाबा कापायला वाकले की गळ्यातली टेप त्याच्या खांद्यावर टाकतात.

ओल्या सध्या चिंध्यांवर काजं करायला शिकतो आहे. कापायचं आधी की शिवायचं आधी, इथूनच त्याची सुरुवात. पहिली काजं उंदराने कुरतडल्यासारखी झाली. आता निदान उंदीर सराईत वाटतो, असं मागवाली म्हणाली. रात्रीचं जेवण ओल्याच करतो. परवा बाबांनी मिठाची बरणी स्वतःकडे ओढली. ओल्याने बरणीकडे बघितलं आणि पुढची पोळी वाढून घेतली.

मास्तर आता दुकानाच्याच बाजूने जातात. थंडी सरत आली आहे. ते काही विचारत नाहीत, फक्त दुकानासमोर आले की कोटाच्या दोन्ही बाजू हाताने पोटावर धरतात. बाबा मशीनवरून मान वर करतात.

“होतील, मास्तर,” टाचण्यांमधून म्हणतात.

तीन काजं अजून द्यायची आहेत.